चौथी 'ब' आणि न थांबणारी नळी

वीस वर्षांत माझ्या विज्ञानाच्या तासाला एकही पोर पेंगलेलं नाही! कारण मी विज्ञान शिकवतच नाही, गातो! कीर्तनाला बसलो की मला तहानभूक आठवत नाही. तिथेच युक्ती सुचली. बुवांनी ओळ टाकायची, मागच्यांनी उचलायची. मग पचनसंस्थेनेच काय घोडं मारलंय? माझी चौथी 'ब' तर अशी तयार, की मी शिंकलो तरी चाळीस शिंका सुरात परत यायच्या!

कवायतीच्या मास्तरांना मात्र हे खुपायचं.

"पोरांना समजतं का हो काही?"

"डोलतात की!" मी म्हणालो.

हे मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर गेलं. "गुरुवारी तपासणीला साहेब येताहेत," त्या म्हणाल्या. "पोरांना समजतंय असं दिसलं नाही, तर विज्ञान कवायतीच्या मास्तरांकडे, आणि तुम्ही पहिलीला अक्षरं गिरवायला!"

विज्ञानाशिवाय मी गाणार काय? शुद्धलेखन?

ठरवलं, प्रयोग दणक्यात करायचा! उंचावरचं पाणी नळीतून आपोआप खाली कसं येतं, ते दाखवायचं. भांडं म्हणून मी ऑफिसातली माशांची काचेची पेटीच मागितली.

"माझ्या बाळांना काही झालं तर बघा!" बाई म्हणाल्या. त्यांची बाळं म्हणजे दोन सोनेरी मासे.

"केसालाही धक्का लागणार नाही!" मी म्हणालो. माशांना केस नसतात, हे विज्ञान मला ऐन वेळी आठवलं नाही.

गुरुवार उजाडला. टेबलावर पेटी, खाली बादली, मध्ये रबरी नळी. शेजारच्या खुर्चीत साहेब, पायांत चकचकीत बूट; मागे मोठ्या बाई. वर्गाची मॉनिटर म्हणजे माझा हुकमी आवाज, पण नेमका तिचाच घसा बसलेला! "तू नुसते ओठ हलव गं," मी तिला म्हणालो.

नळी पाण्याने भरली, एक टोक पेटीत बुडवलं, दुसरं बादलीत सोडलं, डोळे मिटले आणि सूर लावला,

"उंचावरचं पाणी, धावे खाली खाली!"

"धावे खाली खालीऽऽ!" एकोणचाळीस गळे!

काय रंग चढला म्हणून सांगू! डोळे उघडले तेव्हा बादली भरून वाहत होती आणि साहेबांचे बूट दोन होड्यांसारखे डुलत होते.

"मुलांनो," साहेब पाय वर घेत म्हणाले, "हे पाणी थांबवायचं कसं?"

"हे पाणी थांबवायचं कसंऽऽ!"

"अरे, मी तुम्हाला विचारतोय!"

"मी तुम्हाला विचारतोऽऽय!"

"अहो मास्तर, माझी बाळं!" बाई किंचाळल्या. पेटीत चार बोटं पाणी उरलं होतं आणि मासे आडवे व्हायच्या बेतात होते.

"माझी बाऽऽळं!" पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला.

मी नळीकडे झेपावलो, घसरलो आणि थेट बादलीत बसलो. असा घट्ट, की बाटलीला बूच! "कुणीतरी धावा रे!" मी ओरडलो.

"कुणीतरी धावा रेऽऽ!" एक जण जागचा हलेल तर शपथ!

हलली फक्त मॉनिटर. शांतपणे आली, माझ्याखालून नळीचं टोक ओढून काढलं आणि पेटीच्या वर उंच धरलं. पाणी थांबलं! मासे वाचले! बाई पेटीला मिठी मारून रडल्या.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "चाळिसांत तुलाच कसं सुचलं?"

तिला बोलता कुठे येत होतं! तिने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: 'गाता येत नव्हतं, म्हणून विचार केला.'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. दारात कवायतीचे मास्तर विज्ञानाच्या पुस्तकासाठी हात पुढे करूनच उभे होते.

तेवढ्यात वर्गाने फळा वाचला. अर्थातच सुरात!

"गाता येत नव्हतंऽऽ, म्हणून विचार केलाऽऽ!"

आता तुमच्यापासून काय लपवू? चाल इतकी गोड लागली होती, की बादलीत बसल्या बसल्या मीही ठेका धरला.