हेरल्डचा हिवाळा

ह्यांच्या ओरगडमच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून चेन्नईत, अड्यारला आलो, त्या वर्षी मी गणपतीला एक नवस बोलले होते. 'देवा, ह्यांची हेरल्ड आपलीच समजून सांभाळ. पाऊस सरेपर्यंत दर शुक्रवारी तिच्यापुढे दिवा लावीन.'

हेरल्ड म्हणजे माझ्या सासऱ्यांची जुनी मोटार. ह्यांचा सगळा जीव तिच्यात. (माझा नंबर त्यानंतर, तोही स्टेपनीच्या मागे.) चेन्नईत हिवाळा म्हणजे थंडी नव्हे, धो धो पाऊस, आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. कोपऱ्यावरच्या गणपती देवळाचे ट्रस्टी अप्पाजी, मूळचे तंजावरचे मराठी. ते म्हणाले, "अय्यो, काळजी कशाला अम्मा? मिरवणुकीचं वाहन ठेवतो त्या मंडपात ठेवा. देवाचा उंदीर आहे, शेजारी मोटार राहील."

उंदीर लाकडी होता, वायरी कुरतडणारा नव्हता, म्हणून हे तयार झाले.

पहिल्या शुक्रवारी मी दिवा लावला, बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. मागे शेजारच्या विजयलक्ष्मी मामी उभ्या.

"हे कसलं वाहन?"

"नवसाचं," मी म्हटलं. (खोटं कुठे होतं?)

मामींनी लगेच बंपरला दोरा बांधला, लेकीच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी. आणि व्हिसा आला हो! पुढच्या शुक्रवारी रांग. आरशांना हार, वायपरला लिंबं. ह्यांना कसं सांगू, या धास्तीने मी ह्यांना देवळाकडे फिरकूच देईना. त्यात डिसेंबरात, इथल्या मार्गळी महिन्याच्या मिरवणुकीआधी लाकडी उंदराला वाळवी लागली, आणि देव हेरल्डमध्ये बसून निघाले, भक्तांनी गाडी ढकलत.

जानेवारीत हे घरी काढून ठेवलेली बॅटरी पोटाशी धरून गाडी आणायला गेले. मी मागे, डोळ्यांना पदर लावून.

"देव बसले त्यात," अप्पाजी हात जोडून म्हणाले. "आता माणसाने कसं बसायचं?"

"देव मागच्या सीटवर बसले होते! मी पुढे बसतो."

अप्पाजींनी जरा विचार केला. "मग तुम्ही ड्रायव्हर. चालेल. चपला बाहेर. शर्टसुद्धा."

तेव्हापासून दर चतुर्थीला आमचे हे, कारखान्यातले डेप्युटी मॅनेजर, उघड्या अंगाला भस्म फासून स्वतःच्या वडिलांची गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवतात. पुढे नादस्वरम, मागे बायका, मध्ये हे. एकदा जेवताना मात्र म्हणाले: "यापुढे या घरात कुणी नवस बोलायचा नाही."

म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. गाडी घरी यावी म्हणून माझ्यासारखा एक नवस तुम्हीच बोला ना. फक्त शब्द जपून वापरा. आणि दर्शनाला आलात, तर ड्रायव्हरच्या हातावर नाणं तेवढं ठेवू नका. परवा गर्दीत, सवयीने, मीच ठेवलं.