चार कोंबड्यांचा मुराळी

पंचमीला चार दिवस असताना भालचंद्र नलवड्यांच्या चार कोंबड्यांना माहेरी न्यायला त्यांचा भाऊ आला. सकाळच्या एस.टी.नं आला. फाटकाला कडी होती म्हणून कुंपणावरून आत आला आणि पायरीवर पाय पुसून म्हणाला, "रामराम, दाजी."

भालचंद्रराव पेपर वाचत होते. तांबडा, उमदा, तुरा जरा उजवीकडे कललेला असा हा कोंबडा त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. पण दाजी म्हटल्यावर खुर्ची पुढं करणं आलंच.

"बसा पाव्हणं."

कोंबडा खुर्चीच्या पाठीवर बसला. "पंचमीचं न्यायला आलोय. आठ दिवस ठेवून घेतो आणि माझा मीच आणून सोडतो."

आता, हे होणार हे भालचंद्ररावांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. बत्तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेला माणूस, कोंबड्या काय डोळे झाकून घेणार? माघात त्यांनी बायकोला, शालनला, बरोबर घेऊन तीन ठिकाणं पालथी घातली होती. पहिल्या ठिकाणच्या कोंबड्या मशीनमध्ये उबवलेल्या होत्या, चोची छाटलेल्या. दुसरीकडच्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिसरं ठिकाण वरच्या वाडीतल्या चौगुले आप्पांचं. तिथं भालचंद्ररावांनी एकेक तलंग कोंबडी उचलून डोळे पाहिले, तुरे पाहिले, पिसं उलटी करून उवा शोधल्या, पायांवरची खवलं बोटानं तपासली. तासाभरानंही त्यांचं ठरेना. शालन नुसती उकिडवी बसली आणि मूठभर ज्वारी टाकली. ज्या चौघींनी एकमेकींच्या तोंडचं हिसकावलं नाही त्या तिनं घेतल्या. झाली निवड!

तेव्हाच आप्पांनी कागद पुढं केला होता. "मशीनीतल्या कोंबडीला माहेर न्हाई. न्या, ठेवा, कोन इचारनार न्हाई. ह्या आईच्या पोटाखाली उबलेल्या लेकी हाईत. पंचमीला माझा मुराळी न्यायला यील. आधी तो घर बघंल. घर पटलं तर परत धाडू, न्हाईतर न्हाई. आनि त्याला रिकामा लावून द्यायचा न्हाई." भालचंद्ररावांनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि सही ठोकली. पंचमी तेव्हा लांब होती.

ती आता दारात येऊन बसली होती.

"मग माझ्या अंड्यांचं काय?" भालचंद्रराव म्हणाले. "डॉक्टरांनी रोज दोन सांगितलीत. आठ दिवस खंड पडून कसं चालेल? यंदा राहू दे पाव्हणं. पुढच्या वर्षी बघू."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

कारण हे वाक्य त्या पायरीवर पूर्वी बोलून झालं होतं. शालनचा धाकटा भाऊ रघुनाथ असाच पंचमीच्या आधी तिला न्यायला यायचा, लाह्यांची पिशवी मांडीवर घेऊन असाच बसायचा. पहिल्या वर्षी भालचंद्ररावांचा मोजणीचा कॅम्प होता. "मग माझ्या डब्याचं काय? पुढच्या वर्षी बघू." दुसऱ्या वर्षी त्यांच्या आईचे गुडघे धरले होते. तिसऱ्या वर्षी काहीसुद्धा कारण नव्हतं, पण तोंडाला सवय लागलेली. रघुनाथ चहा घेऊन परत गेला आणि चौथ्या वर्षी आला नाही. पुढं तो आजारपणात गेला, घर विकलं गेलं, विषय मिटला. शालननं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि तिला वाईट वाटलं नसणार असं भालचंद्ररावांनी धरून चाललं होतं. भला माणूस, पण काही बाबतींत अगदीच दगड!

"बरं," कोंबडा म्हणाला. "न्यायाचं मागनं बोलू. आधी घर बघतो. कागदात हाय तसं."

याला भालचंद्ररावांची काही हरकत नव्हती, उलट त्यांना हुरूप आला. खुराडं त्यांनी टेप लावून बांधलं होतं. जमिनीपासून दोन फूट वर, मुंगसाचं नाकसुद्धा शिरणार नाही अशी बारीक जाळी, बसायला गोल दांडी, अंडी घालायला अंधारे कप्पे. खाली भाताचं तूस, आठवड्याला हलवलेलं आणि महिन्याला बदललेलं. एका कोपऱ्यात अंग घोळायला राख, करवंटीत शिंपल्यांचा चुरा, दिवसातून दोनदा ताजं पाणी. कोंबडा आत गेला, दांडीवर बसून पाहिलं, तूस उकरून पाहिलं, वर तोंड करून वारा पाहिला. चारी कोंबड्या बाजूला अदबीनं उभ्या होत्या.

"झकास. हवा खेळती हाय, बसाय जागा हाय, पानी हाताशी. कोन करतंय हे?"

"मी. स्वतः," भालचंद्रराव म्हणाले.

"दिसतंयच की. चला, आता आक्काचं बघू."

"कुठली आक्का?"

"भैनी तुमच्या घरात दिल्या म्हनून तुम्ही दाजी. दाजींची बायकू ती आमची आक्का. आनि आक्का ऱ्हाती ते बी घरच."

भालचंद्ररावांनी यात चूक शोधून पाहिली. सापडली नाही. तोवर कोंबडा स्वयंपाकघरात पोचलाही होता.

शालन पिठाचे हात तसेच धरून उभी होती. कोंबड्यानं वर पाहिलं. खिडकीच्या निम्म्यापर्यंत मोजणीच्या जुन्या नकाशांच्या पेट्या रचलेल्या होत्या.

"खिडकी उघडती का, आक्का?"

त्या हाकेसरशी शालनचे डोळे भरून आले. आक्का म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. "अडकलीय रे," ती म्हणाली. "झाली असतील अकरा वर्षं."

"बसाय काय?"

"बसायला कुठं वेळ असतो?"

"पानी?"

"अंगणातल्या नळाचं आणते की."

कोंबडा बाहेर येऊन पुन्हा खुर्चीच्या पाठीवर बसला आणि म्हणाला, "दाजी, खुराडं पास. सैपाकघर नापास. भैनींना आठ दिवसांनी आनून सोडतो. आक्काला मातर खिडकी उघडल्याबिगर आनता येनार न्हाई."

"अहो, पण ती कुठं निघालीय? तिचं माहेर कधीच संपलं!"

"संपलं कसं?" कोंबडा म्हणाला. "न्यायाला आलोय की." आणि आत तोंड करून त्यानं हाक दिली, "आक्का, येतीस न्हवं?"

शालन आतल्या खोलीत गेली. भालचंद्ररावांना हायसं वाटलं, पण पाच मिनिटंही झाली नसतील तोच ती पिशवी घेऊन दारात उभी. एवढ्यात पिशवी भरून होत नसते. काय काय घ्यायचं ते तिचं तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं असणार.

"शालन, मग माझ्या..." भालचंद्ररावांनी सुरुवात केली. चारी कोंबड्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. शालननंही पाहिलं. पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना, आणि आपण 'माझ्या' हा शब्द आजवर किती वेळा काढला ते त्यांना पहिल्यांदाच मोजावंसं वाटलं.

"गाडी साडेअकराची आहे," ते म्हणाले. "छत्री घे."

"भाकऱ्या टोपल्यात आहेत," शालन म्हणाली. "आज पुरतील. उद्याचं तुमचं तुम्ही बघा."

ते स्टँडवर पोचवायला गेले. पंचमीची गर्दी कंडक्टरला नवी नव्हती. त्यानं चौघींना पुढचं बाकडं दिलं, त्यांच्या मागं शालन बसली, भाऊ खिडकीशी बसला. गाडी हलली तेव्हा शालन हसत होती. तिला असं हसताना भालचंद्ररावांनी कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या कदमवहिनी वाटी घेऊन कुंपणाशी आल्या. भालचंद्रराव स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून भिडले होते. हातात पटाशी, खिशात तेलाची बाटली, अंगभर जुन्या रंगाचे पोपडे. नकाशांच्या पेट्या अंगणात पडल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी एक नवं स्टूल वाळत होतं.

"दोन अंडी मिळतील का हो?"

"नाहीत. माहेरी गेल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"अगंबाई! मग कधी येणार?"

भालचंद्ररावांनी खिडकीला खांदा लावून जोर दिला. ती करकरली, जरा सरकली आणि अडली. त्यांनी खिशातून टेप काढून फट मोजली.

"अजून वीतभरच उघडतेय," ते म्हणाले, आणि पुन्हा तेल घालायला लागले.