इनास मास्तरांच्या दोन डब्या

उत्तनच्या शाळेत मी लागलो, त्याच आठवड्यात इनास मास्तरांना एका गांधीलमाशीपुढे टोपी काढताना पाहिलं. म्हटलं, काय हा नम्र माणूस! एवढ्यात तीच टोपी त्यांनी धपकन माझ्या पायाशी बसलेल्या माशीवर घातली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पाय नको हलवू."

हे माझे शेजारी. दोघांच्या खोल्यांत एक कुडाची भिंत. डांबरगोळ्या त्यांच्या खोलीत आणि डोकेदुखी माझ्या.

मास्तरांना फरक दिसायचे, हाच त्यांचा रोग. "न्हाय बा, ही वेगली हाय," हे त्यांचं पालुपद. मासळीवालीपुढे दोन बोंबील धरून ते निरनिराळे कसे, हे पटवत बसायचे. ती बिचारी ऐकून घ्यायची, कारण तिचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. शाळेतल्या जुळ्या भावांना ओळखताना त्यांची आई चुकायची, मास्तर कधी नाही.

पण खरा जीव जडला होता तो कोळी किडे मारणाऱ्या गांधीलमाशीवर. काळीभोर, तांबूस पंखांची ही माशी आपल्याहून मोठ्या कोळ्याला डंख मारून लुळा करायची, ओढत बिळात न्यायची, त्याच्यावर एकच अंडं घालायची आणि बीळ बुजवून निघून जायची. भाताच्या बांधावर उपडं पडून मास्तर हे तासन्‌तास बघायचे. दुसरी माशी तिवराच्या फुलांवर यायची. बारीक, धुरकट पंखांची. शिकार नाही, काही नाही, नुसता मध खायची. दोन्ही पकडून टाचणीनं टोचून ठेवलेल्या: पहिलीची चिरुटाची डबी खिडकीत, दुसरीची दाराजवळ. जाती दोन आणि दोन्ही अगदी नव्या, अशी मास्तरांची खात्री.

या नादापायी घर मोडलं होतं. नाताळच्या झाडलोटीत त्यांच्या बायकोनं, बेर्ताबाईंनी, गांधीलमाशांची एक डबी कचरा समजून चुलीत घातली. मास्तर तोंड सोडून बसले, "तू वेगली, मी वेगला!" बाई होडीत बसून खाडीपलीकडे वसईला माहेरी गेल्या. रुसून गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानंच जायचं असतं. मास्तर गेले नाहीत.

मी पुष्कळ सांगून पाहिलं. म्हणायचे, दोन्ही माशा कलकत्त्याला एका संग्रहालयातल्या साहेबाकडे पाठवल्या आहेत. नवीन म्हणून उत्तर आलं की ते कागद घेऊन ताठ मानेनं बेर्ताला आणीन. तेवढ्यात लढाई सुरू झाली आणि साहेब गप्प झाला. पोस्टमन दिसला की मास्तर कोट चढवायचे. तो पुढे गेला की काढून ठेवायचे. संध्याकाळी गांधीलमाशा शोधायला म्हणून बंदरावर जायचे. बंदरावर कसल्या आल्यात गांधीलमाशा! वसईकडे तोंड करून बसलेले असायचे, दिवेलागणीपर्यंत. मला हसू यायचं आणि नंतर जेवण जायचं नाही.

लढाई संपल्यावर केव्हातरी उत्तर आलं. मास्तरांचा चष्मा हाताशी असूनही त्यांनी कागद मला वाचायला दिला. साहेबानं लिहिलं होतं, ही माशी आम्हांला ठाऊक आहे, नवी नाही. आणि या दोन जातीही नव्हेत. शिकार करते ती मादी, फुलांवर येतो तो नर. जात एकच.

मी मेल्यानं हसायला सुरुवात केली. सगळ्या गावाला फरक शिकवणारा माणूस नवराबायकोत चुकला! मग त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद खाटेवर ठेवून दिला.

मास्तर उठले. दाराजवळच्या डबीतली बारीक माशी टाचणीसकट उचलली. खिडकीतल्या डबीत काळ्या माशीशेजारी ती टोचली आणि बराच वेळ बघत राहिले.

"इतकी वर्सं," ते म्हणाले, "मीच दोगांना वेगली ठेवली."

मी म्हटलं, मास्तर, साहेब पुन्हा बघेल, आणखी माशा पाठवू. त्यांनी ऐकलंच नाही. कोट चढवला, डबी खिशात टाकली आणि साहेबाचा कागद तसाच खाटेवर सोडून बंदराकडे निघाले. मी मागोमाग.

भरतीची होडी सुटतच होती. मास्तर पुढच्या टोकाला बसले. वसईचा किनारा अजून पार लांब होता, पण त्यांनी आत्ताच टोपी काढून हातात धरली होती.