तुडीलचे पाहुणे आणि महाडची झुरळं

मी मालोजी उतेकर. मूळ उमरठचा, वस्ती पोलादपूर, व्यवसाय खासगी गुप्तहेर. माझी नजर तीक्ष्ण आहे, बुद्धी त्याहून तीक्ष्ण आहे, आणि नाकाबद्दल लोक जे बोलतात ते फक्त आकाराबद्दल. हिवताप खात्यात बावीस वर्षं मी दारोदार हिंडलो. "कुणाला ताप हाय काय?" असं विचारून लोकांच्या बोटांतून रक्त काढलं आणि दारामागे गेरूने तारखा लिहिल्या. गुन्हेगाराचा माग काढायला याहून मोठं शिक्षण लागत नाही. निवृत्त झाल्यावर एसटी स्टँडसमोर पाटी लावली आणि पहिल्याच वर्षी एका सरपंचांची हरवलेली छत्री अवघ्या नऊ दिवसांत शोधून दिली. ती माझ्याकडेच राहिली होती, हा भाग वेगळा.

१९९७ची दिवाळी नुकतीच सरली होती. मंगळवारी सकाळी महाडहून महरुन्निसाभाभींचा फोन आला. त्यांचे यजमान मुरादभाई कुवेतला ट्रक चालवतात आणि भाभी मुलीला, नबीलाला, घेऊन बाजारपेठेत राहतात.

"भाऊ, असाल तसे या. घरात झुरळं झालीत."

"भाभी, मी खून, दरोडे, बेपत्ता माणसं असली प्रकरणं..."

"खून झाल्यावर येणार काय? शुक्रवारी तुडीलचे पाहुणे यायचेत, नबीलाची बात पक्की करायला. गेल्या पंधरवड्यात मुलाची आई सहज म्हणून येऊन गेली, तर तिच्यासमोर बिस्किटाच्या बशीतून झुरळ निघालं. बाई नुसती हसली. ते हसणं अजून माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाय. परत एक जरी दिसलं तरी हे स्थळ गेलं समजा!"

तासाभरात मी महाडला पोहोचलो. घर आरशासारखं लख्ख. बैठकीत भिंतीला लागून कुवेतहून आलेली अकरा खोकी रचलेली, प्रत्येकावर मुरादभाईंचं नाव जाड अक्षरांत, नायलॉनची दोरी जशीच्या तशी. आतला माल केव्हाच वापरून संपला होता. पण परदेशातून आलेलं खोकं टाकायचं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. जितकी खोकी जास्त, तितका घरधनी कर्तबगार. मी त्यातल्याच एकावर बैठक मारली, कारण बसल्याशिवाय मला सुचत नाही.

नबीला पाणी घेऊन आली. "काका, शुक्रवारपर्यंत होईल ना?" एवढंच म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. अकिब नावाचा तो मुलगा तिने एका लग्नात पाहिला होता आणि तिला तो फार आवडला होता, हे ओळखायला गुप्तहेर कशाला हवा? मला त्या पोरीची खरंच कणव आली.

"सायब, जरा उठा," धुणीभांडी करणारी प्रयागबाई केरसुणी घेऊन समोर उभी राहिली.

"बाई, तपास चालू आहे. केर नंतर."

माझा पहिला संशय शेजारच्या रामजीच्या किराणा दुकानावर. गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन मी अर्धा किलो पोहे घेतले आणि बोलता बोलता झुरळांचा विषय काढला. रामजी उसळलाच. "आमच्याकडं झुरळ औषधाला नाय! येतात ती यांच्याच घरातनं येतात." मी वहीत लिहिलं, 'संशयित उलट आरोप करतो. दोषी.' मग दुकानातली सगळी पोती हलवून पाहिली. झुरळ एकही नव्हतं, आणि पसरलेले तांदूळ मलाच भरून द्यावे लागले.

बुधवारी मी मोरीवर आलो. गटारातून घुसखोरी होते हे उघड होतं, म्हणून मोरीचं भोक सिमेंटने कायमचं बुजवलं. झुरळं होती तितकीच राहिली, मात्र आंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात आलं. भाभींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जेवण न मागता खोक्यावर जाऊन बसलो.

"सायब, उठा वायच," प्रयागबाई पुन्हा म्हणाली.

"तुला केराशिवाय काही दिसत नाही का गो?"

गुरुवारी माझ्या बुद्धीने झेप घेतली. हा घातपात होता! नबीलाचं लग्न मोडावं म्हणून कुणीतरी ही झुरळं शिकवून घरात सोडली होती. नाहीतर सगळी नेमकी बिस्किटांकडेच का धावतील? इतकी शिस्त आपोआप येत नाही. ती कुठल्या तळावर परततात हे पाहण्यासाठी मी पाच झुरळं पकडली, प्रत्येकाच्या पाठीवर गेरूचा ठिपका दिला आणि सोडली. पाचही जणं खोली ओलांडून थेट माझ्या पायांशी आली आणि दिसेनाशी झाली.

"बघा भाभी!" मी ओरडलो. "गुन्हेगाराने मला ओळखलं. ही मला धमकी आहे!"

प्रयागबाईने केरसुणी खाली ठेवली, माझा दंड धरला आणि मला उठवलं. मी बसलो होतो त्याच खोक्याची दोरी तोडून तिने पुठ्ठा फाकवला. आतल्या घडीघडीत झुरळं दाटीवाटीने बसली होती. त्यांत पाच ठिपकेवालीही होती.

"अगो, मग आधी सांगायचं नाही का?"

"तीन दिस काय सांगते? उठा, उठा! नि भाभींना दिवाळीतच बोलले. त्या म्हणाल्या, खोक्यांना हात नाय लावायचा."

भाभी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "कशी टाकू गो? पाहुण्यांना भिंत उघडी दिसली तर म्हणतील, मुरादने कुवेतात इतकी वर्षं केलं काय?"

"अम्मी," नबीला म्हणाली, "अब्बांनी काय केलं ते मला ठाऊक हाय. खोकी जाऊ देत."

भाभींनी डोळे पुसले आणि मान हलवली. अकरा खोकी सावित्रीच्या काठावर नेऊन जाळली. प्रयागबाईने कॅरमची बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून गोळ्या केल्या आणि कपाटांमागे सारल्या. फडताळ पुसून कोरडं केलं, डब्यांची झाकणं घट्ट लावली, आणि मी बुजवलेली मोरी फोडून तिच्यावर जाळी बसवली.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर पाहुणे आले. मी घरचा मित्र असल्याचं सोंग घेऊन कोपऱ्यात उभा होतो. मुलाच्या आईने उघड्या भिंतीकडे पाहिलं. बशीतलं एकेक बिस्किट उचलून खाली पाहिलं.

"झुरळं गेली वाटतं?"

"ग... गेली."

"हात् तिच्या!" बाईंचा चेहरा पडला. "गेल्या वेळी तुमच्याकडं झुरळ बघितलं नि माझा जीव भांड्यात पडला होता. आमच्या बैठकीत सौदीची चौदा खोकी हायत, नि झुरळं किती ते विचारू नका. अकिबला म्हटलं, हीच पोर करू. दुसरी कोण आली तर पहिल्या दिवशीच किंचाळत माहेरी पळेल. आता हिला तरी चालेल काय आमचं घर?"

सगळे नबीलाकडे बघू लागले.

"चालेल," ती हळूच म्हणाली. "पण आधी खोकी बाहेर."

बाईंनी पुन्हा उघड्या भिंतीकडे पाहिलं. चौदा खोकी म्हणजे घराची केवढी इज्जत! मग त्यांनी ताटातला पेढा उचलला आणि नबीलाला भरवला. "आणि झुरळं घालवली म्हणता ती तुमची बाई, तिला सोमवारी तुडीलला पाठवा," त्या म्हणाल्या.

माझ्या वहीत या प्रकरणापुढे मी 'उलगडा झाला' असं लिहून टाकलं. तो कुणी केला, हा रकाना माझ्या वहीत नाही.