दुसऱ्या पिढीचा डबा

लोहगावकर काका कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात आणि मग थेट टीव्हीमागं हात घालतात. पाण्याचा पेला नंतर. ज्यातून इंटरनेटवरचे सिनेमे आणि मालिका दिसतात तो काळा डबा ते बाहेर ओढतात, उताणा करतात, खिशातलं भिंग काढतात आणि घरमालकाला विचारतात, "ही कितवी पिढी म्हणायची?"

ज्याला सवय नाही तो माणूस घाबरतो. एका बाईंनी तर काकांना केबलवाला समजून तक्रारच सांगायला सुरुवात केली होती.

गारखेड्यात आमच्या समोरच्याच दारात ते राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. काकू गेल्यावर घरात एकटेच. सकाळी फुलं तोडायला जातात, दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात आणि उरलेल्या वेळात डबे.

"अरे विनायक," ते मला म्हणायचे, "ह्या कंपनीवाल्यांचं डोकं लई तिरपागडं. डबा नवा काढतेत, पण नाव जुनंच. म्हणजे बाप, लेक, नातू तिघांचं नाव एक! वळखावं कसं माणसानं?"

मी ते विचारलेलं नसायचं, तरी ते सांगायचे. पहिल्या पिढीच्या रिमोटला आवाज कमीजास्त करायचं बटणच नाही. दुसरीला आहे, पण वायरीची पिन गोल. तिसरीची पिन चपटी. आणि एवढ्यावर भागलं नाही तर डब्याच्या पोटावर काळ्यावर काळ्या अक्षरांत एक आकडा असतो, तो इंटरनेटवर जाऊन ताडून बघायचा. "खातरजमा केल्याबिगर बोलायचं नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खात्यात असताना याच वाक्यामुळं त्यांच्या टेबलावरून कागद हलायचा नाही म्हणे.

पिशोरला माझ्या पुतणीच्या लग्नाची बैठक होती, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी त्यांना सोबत नेलं. मुलाचे वडील जाजमावर मांडी घालून मोठ्या अभिमानानं सांगत होते, "आमची ही सातवी पिढी, याच गावात."

टीव्हीमागून काकांचा आवाज आला, "नाय नाय. तिसरी."

मुलाच्या मामांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. समजूत काढता काढता माझ्या तोंडाला फेस आला. परतीच्या गाडीत काका मात्र भिंग पुसत बसले होते. पिशोर मागं पडल्यावर म्हणाले, "त्यांच्याकडं पण दुसरी नाय निघाली."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की काकांचा स्वतःचा डबा दुसऱ्या पिढीचा आहे आणि ते गावभर त्याचेच सोबती शोधत फिरतात. दुसऱ्या पिढीचा चालता डबा दिसला की त्यांचा चेहरा उजळायचा. "चालतो ना व्यवस्थित? अडकत तर नाय?" असं ते आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचे. आमच्याकडं तसाच होता, तो काढून मी नवा आणला, तर चार दिवस बोलले नाहीत. शहागंजात एका दुकानदारानं त्यांच्यासमोर कुठलातरी रिमोट ठेवला आणि म्हणाला, "चचा, सब एकही है."

"एक कैसे, मियाँ? सेकंड का होना. हमारा सेकंड है."

त्यांचा रिमोट चांगला होता. हा जोडीला हवा होता. कधी बिघडलाच तर.

मला हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटायचं. परवाच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. टीव्हीवर एक पाटी आली होती. या उपकरणावर हे ॲप यापुढं चालणार नाही.

"पिढी संपली म्हणतोय," काका म्हणाले.

"नवा घेऊ या काका. पासवर्ड घालायचा, की झालं."

"पासवर्ड माझ्यापाशी नाय. निखिलचा हाय तो."

निखिल त्यांचा मुलगा. कॅनडात असतो. काकूंच्या आजारपणात त्याला सुट्टी मिळाली नाही. तो पोचला तेव्हा तेरावासुद्धा झाला होता. काका भरल्या घरात, नातेवाइकांदेखत त्याला म्हणाले होते, "आता कशाला आलास?" तो न जेवता परत गेला. त्यानंतर दोघांत बोलणं नाही, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. हा डबा त्यानंच कधीतरी आईसाठी आणून, स्वतःच्या खात्यावर चालू करून दिला होता, हे मात्र मला नवीन होतं.

"तो तिकडं जे बघतो ना, ते इथं वरच्या ओळीत दिसतं," काका भिंतीकडं बघत म्हणाले. "निम्मं बघून सोडलं तर तेवढीच रेघ भरलेली दिसती. मी रोज सकाळी बघतो. काही नवं दिसलं म्हणजे ठीक असंल. मधी एकदम कार्टून दिसायला लागले. ससे, हत्ती. मी म्हटलं, हा कधीपासून ससे बघायला लागला? मग उमगलं. घरात लेकरू आलंय."

काकांनी हातातला रिमोट उगाच उलटा करून बघितला.

"वर्षभर कार्टून दिसले. मग बंदच झाले. एकदम. आता लेकराला काय झालं म्हणून कुणाला विचारू?"

"निखिलला विचारा ना."

"कोणत्या तोंडानं?"

मी नवा डबा आणला. रविवारी सकाळी जोडून दिला. खातं उघडायला मोबाईल नंबर मागितला, तेव्हा काकांनी निखिलचा नंबर न बघता, पाठ म्हटला. मी तो घातला. पडद्यावर आलं: या नंबरवर संकेतांक पाठवला आहे, तो लिहा.

म्हणजे कॅनडात निखिलचा फोन वाजला असणार.

"काका, त्याला फोन करा. नुसते आकडे तर विचारायचेत."

"नको. त्याला द्यायचे असले तर दील."

आम्ही बसून राहिलो. खाली भाजीवाला ओरडून गेला. काका गुडघ्यावर हात ठेवून, कचेरीत साहेबाची वाट बघावी तसे ताठ बसले होते. मी चहा करायला उठणार, तेवढ्यात त्यांचा फोन किणकिणला. निखिलचा निरोप होता. 'बाबा' नाही, 'कसे आहात' नाही. नुसते आकडे.

काकांनी ते मला वाचून दाखवले, एकेक आकडा, सावकाश. मी घातले. पडदा उघडला आणि जुन्या डब्यात कधी न येणारं एक पान समोर आलं. कोण बघतंय, असं विचारणारं. खाली घरातल्या माणसांची नावं. पहिलं निखिलचं, दुसरं सूनबाईंचं. तिसऱ्या जागी पिवळ्या अस्वलाचं चित्र आणि खाली नाव. सुमन.

"तिला तिचं वेगळं करून दिलंय काका. म्हणून कार्टून तुम्हाला दिसेनात. पोरगी बरी असणार."

काका ऐकत नव्हते. ते भिंग घेऊन टीव्हीच्या अगदी जवळ गेले होते.

"सुमन," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, मला ठाऊक नसावं अशा आवाजात म्हणाले, "आमच्या हिचं नाव."

मी रिमोट त्यांच्या हातात दिला. "उघडा की. काय बघते ते दिसेल."

"नको. लेकराचं हाय. आपण कशाला हात लावायचा."

ते खुर्चीवर बसले. काही वेळानं पडदा आपोआप काळा झाला. काकांनी हलकेच एक बटण दाबलं. नावं परत आली. ती जाईपर्यंत ते बघत राहिले आणि पुन्हा बटण दाबलं.

मी दार ओढून घेऊन बाहेर आलो.