अँटेना पास झाला

बद्रीनाथ गावंड्यांना पोहता येत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांनी एकसष्ट वर्षं व्यवस्थित लपवली होती. नुसती लपवली असती तरी निभावलं असतं, पण माणूस बोलण्याच्या भरात वाहवत जातो. वाशीमहून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे काय हो, आंघोळीला तरी पाणी असतं का?" ते त्यांना लागलं. त्यांनी तिथल्या तिथे, एका वासराला काखेत धरून पैनगंगेचा पूर आपण कसा पोहून पार केला ते सांगितलं. गोष्ट इतकी रंगली की पुढे पस्तीस वर्षं ती पाहुण्यांना चहाबरोबर मिळत राहिली. बायको सुशीलाबाई स्वयंपाकघरातून फक्त एवढंच म्हणायच्या, "वासरू तांबडं नव्हतं, पांढरं होतं." बद्रीनाथ म्हणायचे, "हो हो, पांढरंच," आणि पुढच्या वेळी पुन्हा तांबडं सांगायचे.

ही गोष्ट ऐकत वाढलेला त्यांचा मुलगा अभिनव पुढे हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत लागला, त्याला घसघशीत बोनस मिळाला आणि कायमचं अमेरिकेला निघालेल्या साहेबाकडून त्याने चौदा फुटी मोटरबोट घेतली. एका रविवारी ती ट्रेलरवर बसून सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली.

"बाबा, सरप्राइज! आता तुम्ही आणि मी. मुरूडला न्यायची, थेट समुद्रात!"

बद्रीनाथांनी चेहरा हसरा ठेवून बोटीच्या काठावर हात टेकवला. बोट ट्रेलरवर उभी होती, तरी त्यांना ती डोलल्यासारखी वाटली.

"वा," ते म्हणाले. "पण वायरलेस कुठाय?"

हा प्रश्न त्यांना कसा सुचला देव जाणे, पण बाण बरोबर लागला. वायरलेसशिवाय बोट पाण्यात घालू देणार नाही, असं तिकडच्या बोटवाल्यांनी कळवलंच होतं. अभिनवने सेट आणला होता, परवान्याचंही काम झालं होतं. राहिला होता फक्त अँटेना.

"अँटेनाचं माझ्याकडे दे," बद्रीनाथ म्हणाले. "मी बघतो."

बद्रीनाथ कारखान्यात तपासनीस होते. समोर आलेला माल तपासायचा आणि खडूने त्यावर खूण करायची, बरोबर नाहीतर फुली, हे त्यांनी नोकरीभर केलं. फुलीसाठी ते प्रसिद्ध होते. निवृत्त झाले तरी खडूचा तुकडा खिशात असायचाच.

पहिला अँटेना आला तीन फुटी. फुली. "एवढीशी काडी? हिचा आवाज बंदराबाहेर तरी जाईल का?" मग आठ फुटी आला. बद्रीनाथांनी दोन आठवडे इंटरनेटवर वाचन केलं आणि त्यालाही फुली मारली. "हा म्हणजे टॉर्च आहे. लांब मारतो, पण सरळ रेषेत. आपली बोट छोटी, ती डोलणार. म्हणजे तुझा आवाज एकदा ढगांना आणि एकदा माशांना. आधीचा काडीवाला कंदिलासारखा होता, थोडा पण चहूकडे."

"मग तो घेऊ या ना."

"त्याला फुली मारली आहे."

एकदा मारलेली फुली पुसायची नाही, हा कारखान्याचा नियम त्यांनी घरीही लावला. पुढे आलेल्या एकाचा स्क्रू खाऱ्या हवेत गंजेल म्हणून गेला, दुसऱ्याच्या वायरीला जोड होता म्हणून गेला. असे सात महिने गेले. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र दामले रोज बोटीला वळसा घालून आपली स्कूटर काढत.

"गावंडे, मुठा इथवर येईल अशी वाट बघताय का?" ते विचारत. "तसं असेल तर वॉचमनला सांगून ठेवतो."

बद्रीनाथ हे सगळं हसत सोसत होते. समुद्रापेक्षा दामले परवडले.

घात केला तो सुनेने. उत्कर्षा दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. लोकांच्या कामातल्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा, त्यामुळे सासऱ्यांशी तिचं चांगलं जमायचं. सासऱ्यांना मदत करावी या शुद्ध हेतूने तिने, प्रत्येक अँटेनाला त्यांनी वहीत दिलेले सगळे गुण कॉम्प्युटरवर चढवले.

"बाबा, तुमच्याच वहीत लिहिलंय, पंच्याहत्तरच्या वर पास. सातव्या नंबरचा साडेतीन फुटी आहे ना, त्याला अजून फुली नाही आणि त्र्याऐंशी पडतात! तुम्ही बेरीजच केली नव्हती."

केली नव्हती कशी? चांगली दोनदा केली होती आणि म्हणूनच ते पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं. पण नियम त्यांचा, गुण त्यांचे. पळवाट उरली नाही. त्यांनी खडू काढून त्या अँटेनावर बरोबरची खूण केली. मग एक शेवटचा डाव टाकला.

"पास, पण एका अटीवर. अँटेना जितका उंच तितका लांबचा ऐकतो. याला खाली सहा फुटी लोखंडी खांब हवा. आणि वेल्डिंग पक्कं पाहिजे, घडीचं बिडीचं काही नको. घडी सैल होते."

खडकीच्या वेल्डरकडे कूलरच्या स्टँडसाठी त्यांना एकदा दीड महिना थांबावं लागलं होतं. तेवढ्यात पावसाळा लागेल, मग बोटी बंद, असा त्यांचा हिशेब. पण वेल्डरला "समुद्रात जाणार आहे" असं कळलं आणि तो स्वतः सामान घेऊन आला. संध्याकाळी चारला खांब उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने वेळेत काम केलं.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी जमली. सुशीलाबाईंनी दशम्यांचा डबा बांधला, बोटीला हळदकुंकू वाहिलं, बापलेकांना ओवाळलं. बद्रीनाथांना चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं. जीपमध्ये बसण्यापूर्वी त्यांनी घराच्या खिडकीकडे एकदा भरल्या डोळ्यांनी पाहिलं. सोसायटीला वाटलं, आनंदाश्रू. दामल्यांनी नारळ फोडला आणि भाड्याच्या जीपने ट्रेलर ओढला.

ट्रेलरची उंची, तीवर बोट, बोटीवर खांब आणि खांबावर अँटेना. बद्रीनाथांनी हे सगळं इंचाइंचाने तपासलं होतं. फक्त गेट तपासलं नव्हतं. गेटवरून तीन बिल्डिंगांच्या केबल टीव्हीच्या वायरींचा जुडगा गेला होता. तो अँटेनात अडकला. वेल्डिंग पक्कं, त्यामुळे खांब हलला नाही. वायरी ताणल्या, मग भिंतीवरची केबलची पेटी सुटली, तिने सोसायटीचा नोटीसबोर्ड बरोबर घेतला आणि सगळं मिळून बोटीत येऊन पडलं.

तिन्ही बिल्डिंगांमधून एकदमच ओरड झाली. त्या दिवशी भारताची मॅच होती.

"भारताने टॉस जिंकला इथपर्यंत आम्हाला कळलं," दामले शांतपणे म्हणाले. "पुढचं तुमच्या वायरलेसवर ऐकवा."

केबलवाला कोंडीराम मोटारसायकलवरून आला, खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कपाळाला हात लावला. "साहेब, पोल कापल्याबिगर वायर सुटत न्हाय. अन् आज रविवार हाय, वेल्डर गावाला गेलाय."

"बोट जागची हलवायची नाही," दामल्यांनी निकाल दिला. "केबल जोडून होईपर्यंत मुरूड बंद."

बद्रीनाथांना हे शब्द अमृतासारखे वाटले. चेहरा पाडून "अरेरे" म्हणायचा प्रयत्न त्यांनी केला, पण तो साधेना, म्हणून ते जाऊन बोटीत बसले. मागोमाग अभिनवही येऊन बसला. त्याने डबा उघडला आणि बघता बघता तीन दशम्या संपवल्या.

बद्रीनाथांमधला तपासनीस जागा झाला. हाही चार दिवस जेवत नव्हता.

"अभिनव," त्यांनी हळूच विचारलं, "तुला पोहता येतं ना? महिनाभर क्लासला सोडत होतो मी."

अभिनवचा घास थांबला. "बाबा, मी नळाखाली डोकं भिजवून बाहेर यायचो. पाणी बघूनच मागे फिरायचो. तुम्ही आत आला असतात तर तेव्हाच पकडला गेलो असतो."

"आत कसा येणार? मलाही ते पाणी बघवत नसे. म्हणून मी बाहेर स्कूटरवर बसायचो."

बद्रीनाथांनी डब्यातली एक दशमी उचलली.

"मग बोट कशाला घेतलीस?"

"तुमच्यासाठी! पूर पोहून गेलेला माणूस, आयुष्यभर खडकीत अडकून पडला म्हणून. पण मग तो पूर?"

"वासराचं नाव कपिली होतं," मागून आवाज आला. सुशीलाबाई चहाचे कप घेऊन बोटीपाशी उभ्या होत्या. "मी चौदा वर्षांची होते. ते सुटून पाण्यात गेलं, मी उडी घातली. लग्नानंतर यांना सांगितलं, तर आठ दिवसांत यांनीच पूर पोहून पार केला. मी म्हटलं, जाऊ द्या. एवढ्या लांब नोकरीला आलेला माणूस, त्याला काहीतरी पाहिजे बोलायला. रंग तरी नीट सांगावा की नाही?"

बद्रीनाथांना वाटलं, बोट भरपार्किंगात बुडावी. पण सुशीलाबाई हसत होत्या. त्यांना हसताना पाहून अभिनव हसायला लागला आणि मग बद्रीनाथांनाही हसू आवरेना. पस्तीस वर्षांत इतकं मोकळं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"केबल जुळली की मी न् उत्कर्षा जाऊ समुद्रात," सुशीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं काठावर थांबा. काठावरही एक वायरलेस लागेल ना? त्याला अँटेना कोणता, ते तुम्ही ठरवा."

बद्रीनाथांचा हात आपोआप खडूकडे गेला.

संध्याकाळी वायरी कापून, जोडून, मॅच संपल्यावर केबल सुरू झाली. दमलेला कोंडीराम गावंड्यांकडे चहाला टेकला. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "साहेब, तुमी म्हनं वासरू घिऊन पूर पवून आलता. सांगा की."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"वासरू पांढरं होतं," बद्रीनाथ म्हणाले. "पुढचं बाईंना विचार."