अमेरिकेच्या बाईंचे मिस्टर

मंगळवारी सकाळी आठ वाजता फाट्यावर फ्लेक्स लागला आणि साडेआठपर्यंत बन्सीभाऊंचं अमेरिकेत लग्न लागलं होतं.

बातमी घेऊन आली शेजारची कडूबाई. अंगणात पाय ठेवायच्या आधीच ती ओरडली, "मनकर्णे, तुला सवत आली गं! गोऱ्या लोकांच्यातली हाय. दात लई चांगले हायत."

मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याकडे पाहिलं. बन्सीभाऊ दाढीचा साबण लावून आरशासमोर बसले होते. "मी कुठं गेलतो?" एवढंच त्यांना सुचलं.

दिवाळीच्या सुट्टीला नगरहून आलेली त्यांची लेक यशोधरा चपला घालून फाट्यावर पळाली. ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. अमेरिकेत बायकांना मत मिळून शंभरावर वर्षं झाली तरी अजून एकही बाई राष्ट्राध्यक्ष का झाली नाही, यावर तिचं दर वर्षी एक व्याख्यान व्हायचं. त्या व्याख्यानात असलं काही नव्हतं.

फ्लेक्स दहा बाय आठचा होता. वर लाल अक्षरांत 'अमेरिकेच्या भावी राष्ट्राध्यक्षांना मनःपूर्वक शुभेच्छा'. डावीकडे हसऱ्या उमेदवार बाई. उजवीकडे, अगदी त्यांच्याच मापाचे, गॉगल लावलेले बन्सीभाऊ. दोघांच्या भोवती मिळून एकच फुलांची महिरप. आणि तळाशी, एसटीच्या चाकाचा चिखल उडतो तिथं, बारीक अक्षरांत 'शुभेच्छुक : सौ. मनकर्णा'.

फ्लेक्सची कल्पना मनकर्णाबाईंचीच. दक्षिणेकडं त्या बाईंच्या आजोबांच्या गावात त्यांचे फ्लेक्स लागल्याचं त्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि सोमवारी सोनईच्या फ्लेक्सवाल्या सुनीलला फोन केला. मजकूर सांगितला, खाली 'मनकर्णा, माजी सरपंच' टाक म्हणाल्या. बाकी सुनीलवर सोडलं.

यशोधरेनं सुनीलला फोन लावला. "अरे, अण्णांचा फोटो कशाला टाकलास?"

"ताई, बाईमाणसाच्या फ्लेक्सवर मालकाचा फोटो लागतोच," सुनील म्हणाला. "धा वर्षं झाली धंद्याला. नुसती बाई अजून छापली न्हाई मी. त्या बाईंच्या मालकांचा फोटो काय माझ्याकडं नव्हता. मग माजी सरपंच लिहायचं हुतं, तर सरपंचांचा हुता तो लावला. वाढदिवसाची फाईल हाय ना त्यांची."

सरपंचांचा. यशोधरेनं फोन ठेवला. यावर ती कधीच काही बोलली नव्हती.

गावच्या सरपंच मनकर्णाबाई होत्या. पाच वर्षं. पण कार्यालयातल्या खुर्चीत बन्सीभाऊ बसायचे, कारण बाई खुर्चीत बसली तर आलेल्या माणसांना अवघडल्यासारखं होतं, असं गावाचं मत पडलं. मनकर्णाबाई कपाटापाशी उभ्या राहायच्या, कारण कुठला कागद कुठं आहे हे खुर्चीला माहीत नसायचं. पाण्याच्या योजनेची फाईल पिशवीत घालून त्या एसटीनं चौदा वेळा नगरला गेल्या. नळाला पाणी आलं तेव्हा नारळ बन्सीभाऊंनी फोडला. तेव्हापासून सगळा तालुका बन्सीभाऊंना 'सरपंच' म्हणत होता आणि मनकर्णाबाईंना 'सरपंचांची मंडळी'.

त्याच काळात यशोधरेचं लग्न झालं. पत्रिकेवर 'सरपंच बन्सी यांची कन्या' असं छापून आलं होतं. पत्रिकेचं प्रूफ तिनंच तपासलं होतं. तिनं दोन वेलांट्या आणि एक स्वल्पविराम सुधारला. आईनं पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "कागद चांगला हाय."

यशोधरा फाट्यावरून घरी परतली तेव्हा अंगणात बायांची सभा भरली होती. बन्सीभाऊंची अर्धी दाढी झाली होती आणि उरलेली करायला कुणी सवड देत नव्हतं.

"भावजी, लुगडं नेलं का न्हाई तिला?" कडूबाईनं विचारलं.

"फोटो लावलाय सुन्यानं, आन् बोलणी खातोय मी!"

यशोधरेनं मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो आईपुढं धरला. मनकर्णाबाईंनी चष्मा लावला. आधी बाई पाहिली, मग गॉगल पाहिला, मग महिरप. आणि एकदम हसायला लागल्या. पिठाचा हात तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. यशोधरेनं आईला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

"टीव्हीवर सांगत हुते," दम घेऊन त्या म्हणाल्या, "ही बाई लई हसती म्हनून लोक नाराज हायत. आन् मी सरपंच असताना म्हनायचे, हिला हसूच येत न्हाई. बाई हसली तर येडी, न्हाई हसली तर शिष्ट. मग करायचं काय, अर्धं हसायचं?"

"मागं पन एक उभी हुती ना?" कडूबाई म्हणाली.

"होती. तिला मतं जास्त पडली आणि ती हरली," यशोधरा म्हणाली.

"म्हंजे आपल्या सोसायटीच्या निवडणुकीवानीच," कडूबाईनं निकाल दिला.

मनकर्णाबाईंनी पुन्हा फोटो पाहिला. "पन खरं सांग, तिचे मिस्टर काय करतात?"

"मागे उभे राहतात. ती बोलली की टाळ्या वाजवतात."

"दिवसभर?" बन्सीभाऊंनी घाबरून विचारलं.

"तुमाला जमलं असतं का?" मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मिठाचा डबा कुठं आहे असं विचारावं, तसं विचारलं. बन्सीभाऊंनी आरशात तोंड घातलं.

अकरा वाजता दारात निवडणुकीचं भरारी पथक उभं राहिलं. विधानसभेची आचारसंहिता चालू होती आणि फाट्यावर विनापरवाना उमेदवार सापडला होता.

"फ्लेक्सवरचे तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं. "शेजारच्या बाई कुठल्या मतदारसंघातून?"

"अमेरिकेतून," यशोधरा म्हणाली.

साहेबांनी यादी चाळली. "अर्ज माघारी घेतलाय का त्यांनी? माघारीची मुदत काल संपली."

"न्हाई घेतला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ती माघार घेनारी न्हाई."

"मग त्यांचा पत्ता सांगा. नोटीस द्यावी लागेल."

चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी पंचनाम्यात 'सदर उमेदवार महिला गावात राहत नाहीत, त्यांचे यजमान गावात राहतात' असं लिहून त्यावर बन्सीभाऊंची सही घेतली. फ्लेक्स उतरवून घडी करून अंगणात आला. सुनील सोनईहून मोटारसायकलवर धावत आला आणि कान पकडून उभा राहिला. "काकू, चुकलो. पुढचा फ्लेक्स माझ्याकडून. तुमी सांगायचं पन न्हाई, मी सवताहून लावीन."

"नुसती बाई छापशील?"

"छापीन."

संध्याकाळी मनकर्णाबाईंनी तो फ्लेक्स सरपणावर अंथरला, बाईंचं तोंड वर करून. "उद्या निकाल लागला की मला सांग गं," त्या यशोधरेला म्हणाल्या. "आन् गॉगलवर एक वीट ठेव. वाऱ्यानं उडंल."

बुधवारी सकाळी त्या चहाला उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या होत्या, डॉक्टर म्हणाले. निकाल दुपारी लागला. कुणीतरी यशोधरेला तो सांगितला आणि ज्यांना सांगायचा होता त्यांना न्यायला गावातली माणसं फुलं घेऊन दारात उभी होती.

रविवारी मनकर्णाबाईंचा जलदानविधी, म्हणजे बौद्ध पद्धतीचा श्रद्धांजलीचा विधी, ठेवला. सुनीलनं शब्द पाळला. कुणी न सांगता पहाटेच फाट्यावर फ्लेक्स लावून गेला. डोळे पुसत त्यानं तो रात्रभर बनवला होता, असं त्यानंच नंतर सांगितलं. नुसती बाई छापायचं त्यानं खरंच मनावर घेतलं होतं. पण त्याच्याकडे काकूंचा एकटीचा फोटोच नव्हता. नळाच्या उद्घाटनाच्या फोटोत काकू होत्या, पण बन्सीभाऊंच्या नारळाच्या मागे. कापायला गेलं तर काकूंचा अर्धा चेहरा नारळाबरोबर जात होता. म्हणून त्यानं अख्खा फोटो घातला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली ठळक अक्षरांत 'माजी सरपंच बन्सीभाऊ', आणि त्याखाली, चाकाच्या चिखलाच्या उंचीवर, 'यांच्या पत्नी मनकर्णा'.

गावाला खरं माहीत होतं. आजूबाजूच्या गावांना फ्लेक्स माहीत होता.

दहा वाजल्यापासून माणसं हार घेऊन यायला लागली. पहिला आला शेजारच्या गावचा आसाराम. फाट्यापासूनच हंबरडा फोडत आला. "सरपंच गेला रं! माझ्या बरोबरीचा गेला!" मांडवात शिरून त्यानं समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. तो माणूस बन्सीभाऊ होता.

"आसाराम, मी हाय," बन्सीभाऊ म्हणाले.

आसाराम मागे सरला, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खुर्चीत बसला. "मग गेलं कोन?"

"मनकर्णा."

"हात्तिच्या!" आसारामच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं हातातला हार तसाच बन्सीभाऊंच्या गळ्यात घातला. "सरपंच हायत! अरे, सरपंच जित्ते हायत!"

मागून येणाऱ्यांना त्यानं ही आनंदाची बातमी मांडवाच्या तोंडाशीच सांगायला सुरुवात केली. ज्याला त्याला बरं वाटलं. "सरपंच वाचले म्हनायचे." तासाभरात बन्सीभाऊंच्या गळ्यात सात हार झाले. एक काढायला हात लावला की नवा माणूस दुसरा घालायचा. मनकर्णाबाईंच्या फोटोला दोनच होते. तो फोटो यशोधरेनं आईच्या आधारकार्डावरून मोठा करून आणला होता. त्यात आई हसत नव्हती.

बुद्धवंदना झाली. मग हनुमंतानं माईक घेतला. हनुमंत गावचा सध्याचा सरपंच, म्हणजे निवडून आलेल्या दिपालीचा नवरा. दिपाली बायांमध्ये मुलाला मांडीवर घेऊन बसली होती.

"दुःखद प्रसंग हाय," हनुमंत म्हणाला. "पन सरपंच आपल्यात हायत, हे आपलं भाग्य. आता सरपंच दोन शब्द बोलतील."

बन्सीभाऊ पुढच्या रांगेतून उठले. माईक हातात घेतला, फोटोकडे पाहिलं. मग गळ्यातले सातही हार एकेक करून काढले, फोटोला घातले, आणि माईक यशोधरेच्या हातात दिला. पुढं खुर्ची रिकामी होती, पण तिच्यात ते बसले नाहीत. माणसांमधून वाट काढत मांडवाच्या पार मागे गेले, शेवटच्या रांगेच्याही मागे, आणि तिथं हात जोडून उभे राहिले.

"अहो सरपंच, मागं कुठं?" आसाराम ओरडला. "पुढं या!"

"मी इथंच बराय," बन्सीभाऊ म्हणाले. "मी नुसता मिस्टर हाय."

मांडव वळून त्यांच्याकडे पाहत राहिला. हनुमंत माईक परत घ्यायला पुढं सरकला. "ताई, सरपंचांना बोलू द्या ना."

यशोधरेनं माईक सोडला नाही. वर्गात ती तास तास बोलायची आणि आवाज कधी कापायचा नाही. आता कापला. तिनं तो कापू दिला.

"सरपंच आता बोलणार नाहीत," ती म्हणाली. "सरपंच तिथं आहेत, फोटोत. मनकर्णा त्यांचं नाव. सरपंच माझी आई होती."